डावीकडे लाल, उजवीकडे हिरवे

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला, त्याचा आवाज पूर्ण बंद केला आणि फोन परत माझ्या हातात दिला.

"आता खेळ," ते म्हणाले.

भुसावळातली मे महिन्यातली दुपार होती. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. खिडकीतला कूलर ओल्या वाळ्याचा वास आत फेकत होता, पण हवा काही गार होत नव्हती. मी म्हणालो की आवाजाशिवाय या खेळात मजा नाही. ते म्हणाले, मजेसाठी सांगत नाहीये, मला बघायचंय. मग वेताची खुर्ची ओढून ते माझ्या अगदी शेजारी बसले. इतक्या जवळ ते बहुधा मी शाळेत असतानाच बसले असतील.

मी खेळायला लागलो. मिनिटभरात ठोकळे वरपर्यंत चढले आणि डाव संपला. अण्णांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं. दुसरा डाव पहिल्यापेक्षाही लवकर संपला. तिसऱ्या वेळी त्यांनी मधेच डाव थांबवायला लावला आणि पडद्यावरच्या एका ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"हा कुठल्या रंगाचा?"

"लाल," मी म्हणालो.

अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्यावरून मला कळलं की तो हिरवा होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत चौतीस वर्षं इंजिन ड्रायव्हर होते. आधी मालगाड्या, मग पॅसेंजर, शेवटची आठ वर्षं एक्स्प्रेस. आदल्या डिसेंबरात ते निवृत्त झाले होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमधून जामनेर रोडजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो होतो. मी त्यांच्यासारखा ड्रायव्हर व्हायचं हे आमच्या घरात कोणी कधी ठरवलं नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. बारावीनंतर मी आयटीआय केलं आणि मग दोन वर्षं असिस्टंट ड्रायव्हरच्या परीक्षेचा अभ्यास केला. पहिल्या प्रयत्नात तीन मार्कांनी हुकलं. दुसऱ्या प्रयत्नात यादीत नाव आलं. आईनं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. अण्णांनी नाही वाटले. ते म्हणाले, मेडिकल होऊ दे.

मेडिकल फेब्रुवारीत झालं. एका जाड पुस्तकात ठिपक्यांची गोल चित्रं होती आणि प्रत्येक चित्रात लपलेला आकडा वाचायचा होता. माझ्या आधीचा मुलगा भराभर वाचत गेला. मला पहिलं चित्र वाचता आलं. दुसऱ्यात फक्त ठिपके दिसले. तिसऱ्यातही. डॉक्टरांनी पंधरा पानं शांतपणे उलटली आणि माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते चांगले होते. म्हणाले, बाकी तब्येत उत्तम आहे तुझी, पण लाल आणि हिरवा हे दोन रंग तुला वेगळे दिसत नाहीत, इंजिनावर तुला घेता येणार नाही.

घरी येऊन मी सांगितलं की मेडिकल छान झालं, पत्र यायचंय.

मला मनातून थोडं माहीत नव्हतं असं नाही. बाजारात टोमॅटो निवडताना मी ते दाबून बघायचो. चौकातला सिग्नल मला वरचा दिवा, खालचा दिवा असाच कळायचा. पण ज्याला जसं दिसतं त्याला तसंच सगळ्यांना दिसतं असं वाटतं. मलाही वाटायचं की इतर लोक जरा जास्त लक्ष देतात, एवढंच.

मार्च गेला, एप्रिल गेला. पत्राची वाट बघतोय असं दाखवायला काही करावं लागत नाही. मी दिवाणावर पडून राहायचो आणि फोनवर 'रंगताल' नावाचा खेळ खेळायचो. वरून चार घरांचे चौकोनी ठोकळे पडतात, प्रत्येक घर दोनपैकी एका रंगाचं. एका रंगाची चार घरं जुळून चौकोन झाला की तो पक्का होतो. मागे गाणं चालू असतं, आणि त्याच्या लयीत एक उजळ रेघ डावीकडून उजवीकडे सरकत राहते. ती रेघ पक्क्या झालेल्या चौकोनांवरून गेली की ते नाहीसे होतात. गाणं बदललं की रंग बदलतात. पहिली पाच गाणी निळ्या-पिवळ्याची, काळ्या-पांढऱ्याची होती. ती मी दोन दिवसांत संपवली. सहावं गाणं लाल-हिरव्याचं होतं.

सहाव्या गाण्यावर मी आठवडाभर अडकलो. दोन्ही रंग मला वाळक्या पानासारखेच दिसत. राग येऊन मी खेळ काढून टाकला आणि दोन तासांनी परत घेतला, कारण दुसरं काही करायला नव्हतं. मग एका सकाळी इअरफोन लावून खेळताना लक्षात आलं की प्रत्येक रंगाला आपला आवाज आहे. बाजूच्या पट्टीत पुढचा ठोकळा दिसायला लागला की त्याची चार घरं एकामागून एक वाजतात. लाल घर ढोलकीच्या जाड बाजूसारखं, हिरवं घर छोट्या घंटेसारखं. ते आवाज गाण्यात इतके मिसळलेले होते की ज्यांना रंग दिसतात त्यांना ते बहुतेक ऐकूच येत नसतील. मला तेवढेच ऐकू यायला लागले. दहा दिवसांत मी सहावं गाणं पार केलं आणि मग अठराव्यापर्यंत पोचलो.

मे महिन्यात इअरफोनची एक वायर तुटली आणि मी फोनच्याच आवाजावर खेळू लागलो. शेजारच्या खोलीत अण्णा पेपर वाचत बसत. ते ऐकत असतील असं मला कधी वाटलं नाही. खरं तर वाटायला हवं होतं. लाइनीवरून जाणारी मालगाडी भरलेली आहे की रिकामी, हे ते घरात बसून सांगायचे.

"मेडिकलमध्ये हेच झालं ना?" अण्णांनी विचारलं.

मी मान हलवली. फोन माझ्या हातात तसाच होता.

"तुझ्याबरोबरच्या पोरांना एप्रिलमध्येच ऑर्डरी आल्या. स्टेशनवर ड्रायव्हरांच्या लॉबीत गेलो होतो, तिथं कळलं. तू सांगशील म्हणून थांबलो."

मी म्हणालो की सांगणार होतो, आईचा चेहरा बघून जमलं नाही. वाईट वाटून घेऊ नका असंही काहीतरी बोललो. ते ऐकताना अण्णा स्वतःच्या हाताच्या तळव्याकडे बघत होते. मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी आधी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

मी नऊ वर्षांचा असताना एका रविवारी ते मला यार्डात घेऊन गेले होते. मला तो दिवस आठवतो, शंटिंगच्या इंजिनावर बसल्यामुळे. त्यांना तो वेगळ्या कारणानं आठवत होता. खाली एक गार्ड उभा होता, त्याच्या दोन हातांत दोन झेंड्या. अण्णांनी मला गमतीत विचारलं, लाल कुठली? मी एका झेंडीकडे बोट दाखवलं, ती हिरवी होती. त्यांनी गार्डला हात बदलायला सांगितले आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा चुकलो. गार्ड हसला. अण्णा हसले नाहीत.

"नंतर जळगावला एका डॉक्टरांना विचारलं. माझ्या ओळखीच्या एकाचा मुलगा आहे, असं सांगून. ते म्हणाले, हे वाढत नाही, कमीही होत नाही. जन्माचं असतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला परीक्षेला का बसू दिलंत?"

 अण्णा म्हणाले की त्या दिवशी ऊन तुझ्या डोळ्यावर होतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. इतकी वर्षं सांगितलं की तेच खरं वाटायला लागलं. तू अभ्यास करायचास तेव्हा रोज ठरवायचो की आज बोलू. "मला तुला इंजिनावर बघायचं होतं, लोकेश. त्यापुढे मला काही दिसलं नाही. चूक माझी आहे. तुझी नाही."

मला त्या वेळी फक्त राग आला. दोन वर्षं गेली माझी, मी म्हणालो. ते म्हणाले, गेली. त्यांनी एकही सबब पुढे केली नाही, आणि त्यामुळे मला भांडताही येईना. मी चप्पल घालून बाहेर पडलो आणि त्या उन्हात नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा डोकं दुखत होतं. आईनं कांदा कापून कपाळावर चोळला आणि उन्हात कशाला भटकतोस म्हणून रागावली. अण्णांनी तिला तोपर्यंत मेडिकलचं सगळं सांगितलेलं होतं. ती मला त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. रात्री ताटात कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती, आणि माझ्या आवडीचा हा बेत मंगळवारी कधीच नसायचा.

जेवणानंतर अण्णांनी मला अंगणात बोलावून हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. हा दोष मुलाला आईच्या बाजूनं येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. "ते तिला कळू देऊ नकोस. ती उगाच स्वतःला लावून घेईल." चौदा वर्षं ते गप्प राहिले, त्यातला काही भाग आईसाठीही होता, हे मला तेव्हा कळलं. माझा राग त्याच क्षणी गेला असं नाही. पण त्याचा जोर कमी झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा पुन्हा खुर्ची घेऊन आले.

"आवाज चालू कर," ते म्हणाले. "आणि सांग, कसं खेळतोस ते."

तीन महिन्यांत मी कोणाशी धड दहा वाक्यं बोललो नव्हतो. सुरुवातीला मी तुटक सांगत होतो. मग सांगता सांगता सुटत गेलो. आवाज ऐकून ठोकळा कळतो, पण एकदा तो खाली बसला की मला त्याचा रंग दिसत नाही, तेव्हा कुठं काय ठेवलंय ते लक्षात ठेवावं लागतं. सगळं लक्षात राहत नाही. म्हणून आधीच नियम करून टाकायचा. लाल नेहमी डावीकडे, हिरवे नेहमी उजवीकडे. अर्धा लाल अर्धा हिरवा ठोकळा आला तर तो फिरवून दोघांच्या सीमेवर बसवायचा. ज्याचे रंग तिरपे असतात तो कुठंच नीट बसत नाही, त्याच्यासाठी उजव्या टोकाला एक खड्डा राखून ठेवायचा. आणि मधे एक उभी ओळ शक्यतो रिकामी ठेवायची.

"ती का?"

"काही चुकलं तर सावरायला."

अण्णांनी मला गाण्याबद्दल विचारलं. मी सांगितलं की लय चढली की रेघ झपझप येते, तेव्हा मोठं काही रचायला जाऊ नये, मिळेल ते संपवत राहावं. लय उतरते तेव्हा रेघ सावकाश येते, त्या वेळात मोठा ढीग जुळवून घ्यायचा. गाणं दोनदा ऐकलं की लय कुठं उतरणार ते पाठ होतं. मग त्याच्या आधीपासून तयारीला लागायचं. पडतोय त्या ठोकळ्याकडे मी फारसं बघतच नाही, मी म्हणालो, त्याचं आधीच ठरलेलं असतं. माझं लक्ष त्याच्या पुढच्या तिसऱ्यावर असतं.

 अण्णा म्हणाले, "भरलेली मालगाडी लाल सिग्नल दिसल्यावर थांबवायला गेलास तर थांबत नाही. तिचं थांबणं आधीच्या पिवळ्याला ठरवायचं असतं. नव्या पोरांना हे शिकवायला मला दोन-दोन वर्षं लागायची."

मग त्यांनी स्वतः खेळून बघायचं म्हटलं. त्यांच्या जाड बोटांना ठोकळा फिरवणं जमेना आणि पहिल्याच गाण्यात त्यांचा डाव संपला. त्यांनी पुन्हा मागितला. आठवडाभर रोज दुपारी आम्ही दोघं त्या एका फोनवर बसत होतो. ते एकदाही चौथ्या गाण्यापलीकडे गेले नाहीत. पण तो आठवडा मला माझ्या सगळ्या अभ्यासाच्या दोन वर्षांपेक्षा स्पष्ट आठवतो.

पुढच्या बुधवारी सकाळी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मलाही घालायला सांगितला. आम्ही स्कूटरवर गावाबाहेरच्या एका कंटेनर डेपोत गेलो. मालगाडीनं आलेले कंटेनर तिथं उतरवून रचून ठेवत आणि मग ट्रकनं पाठवत. तिथल्या यार्डप्रमुख ढाके मॅडम अण्णांना मालगाडीच्या दिवसांपासून ओळखत होत्या. अण्णांनी माझं कौतुक वगैरे काही केलं नाही. एवढंच म्हणाले, "याला एकदा काम देऊन बघा. नाही जमलं तर परत पाठवा." आणि बाहेर जाऊन कडुलिंबाखाली बसले.

ढाके मॅडमनी मला एक कागद दिला. चोवीस कंटेनर, प्रत्येकावर त्याची बाहेर जायची वेळ. एकावर एक तीन-तीन ठेवून ते असे रचायचे होते की एखादा काढताना त्याच्यावरचे कमीत कमी उचलावे लागतील. मी शेवटी जाणाऱ्यापासून सुरुवात केली आणि मागे येत गेलो. वीसेक मिनिटं लागली. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, ही रांग तू पूर्ण का भरली नाहीस? मी म्हणालो की एखादा ट्रक वेळेआधी आला तर वरचे कंटेनर ठेवायला जागा लागेल. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की इथं येणारा प्रत्येक जण आधी सगळ्या जागा भरून टाकतो.

मग त्या मला भिंतीवरच्या मोठ्या लोखंडी फळ्यासमोर घेऊन गेल्या. यार्डाचा पूर्ण नकाशा होता आणि त्यावर चुंबकाचे शंभरेक चौकोन लावलेले होते. "भरलेले लाल, रिकामे हिरवे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून हा तू सांभाळायचा."

 शंभर चौकोन, सगळे वाळक्या पानाच्या रंगाचे. तीन महिने मी घरात जे केलं होतं तेच इथं करता आलं असतं. हो म्हणायचं, आणि मग काहीतरी युक्ती शोधायची. पण आठ दिवसांपूर्वी माझ्या बापानं माझ्यासमोर बसून चौदा वर्षांची गोष्ट सांगून टाकली होती. त्याला ते किती जड गेलं हे मी पाहिलं होतं.

"मॅडम, मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही," मी म्हणालो. परक्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होतो. "रेल्वेनं त्याच कारणानं घेतलं नाही."

 ढाके मॅडमनी टेबलावरचा काळा मार्कर उचलला, फळ्यावरचा एक चौकोन काढला आणि त्यावर मोठा 'भ' लिहिला. दुसऱ्यावर 'रि' लिहिला. मग मार्कर मला दिला.

"मी रंग सांगते, तू लिही," त्या म्हणाल्या. "फळा तसाही लांबून कोणाला दिसत नाही."

आम्ही दोघांनी उभं राहून सगळे चौकोन लिहून काढले. आज मी लोकांना माझ्या त्या पहिल्या नोकरीबद्दल सांगतो तेव्हा पगार किंवा काम सांगत नाही, हे सांगतो.

बाहेर आलो तेव्हा अण्णा दीड तास त्या झाडाखाली बसून होते. सावली केव्हाच सरकली होती, ते सरकले नव्हते. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. मी स्कूटर सुरू केली आणि मागे न बघता सांगितलं की उद्यापासून यायचंय, आणि मॅडमना मी डोळ्यांचं सांगितलंय. त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.

डेपोत मी चार वर्षं काढली. नंतर ढाके मॅडमच्याच शिफारशीनं उरणजवळच्या बंदरात आलो. आता जहाजावरून उतरणारे कंटेनर कुठं ठेवायचे आणि जाणारे कुठल्या क्रमानं चढवायचे, याचं नियोजन मी करतो. हाताखाली सात माणसं आहेत. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो की समोरच्या कंटेनरकडे नंतर बघ, आधी त्यानंतर काय येणार ते विचार.

गेल्या वर्षी अण्णा पहिल्यांदा बंदर बघायला आले. त्र्याहत्तरीचे झालेत, जिने चढताना थांबतात. मी त्यांना आमच्या ऑफिसच्या वरच्या गच्चीत नेलं. खाली मैल-दीड मैल कंटेनरच कंटेनर. क्रेन चालत होत्या, पलीकडे खाडीचं पाणी चकाकत होतं. ते कठड्याला धरून खूप वेळ बघत राहिले.

"पुढचं जहाज कधी?"

"उद्या दुपारी."

"आणि त्याची जागा?"

"परवाच करून ठेवलीय."

त्यांनी मान हलवली. शिपायानं चहा आणून ठेवला. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. आई-बापाला कोणी थँक्यू म्हणत नाही. पण ते इतक्या लांबून आले होते आणि पुन्हा केव्हा येतील सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही त्या दुपारी बोललात म्हणून मी इथं आहे."

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"चौदा वर्षं लेट होतो मी," ते म्हणाले.

"पण पोचलात ना."

अण्णा हसले, आणि बशी माझ्यापुढे धरली.